वादळाआधी चार दिवस, एक सुतार

पत्र: «आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर. भिंती चिऱ्याच्या, पुढे मंगलोरी कौलं. मागचं स्वयंपाकघर आणि पडवी निसर्ग वादळात उघडी पडली, तिथे नंतर पत्रे घातले. सासू-सासरे दोघंच राहतात, दोघंही सत्तरीपुढचे. गेल्या वर्षी ओटीच्या खिडक्यांना ॲल्युमिनियमची सरकती तावदानं बसवली. मामंजी म्हणतात, वादळात समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवायच्या, वारा येतो तसा निघून जातो. आणि पत्र्यांवर चार चिरे ठेवले की काही होत नाही. पडवीला लागून एक वाकडा माड आहे, तो तोडावा की ठेवावा यावरूनही वाद चालू आहे. एप्रिलात आम्ही चार दिवस जाणार आहोत. सुतार एकच मिळेल. त्या चार दिवसांत नेमकं काय करून घ्यावं?» (एक वाचक, ठाणे)

ताई, चार दिवसांतले अडीच दिवस छपराला द्या, अर्धा खिडक्यांना आणि उरलेला एक बाकी सगळ्याला. असं का, ते आधी सांगतो, म्हणजे मामंजींशी बोलताना हाताशी आकडे असतील.

३ जून २०२० ला दुपारी निसर्ग श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं, तेव्हा वारा ताशी १०० ते ११० किलोमीटरचा होता आणि झोत १२० पर्यंत. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी ६० ला एका चौरस मीटरवर साधारण १७ किलो, १०० ला ४७ आणि १२० ला ६८. वेग दुपटीला गेला की दाब चौपट. भिंतीला वारा ढकलतो हे सगळ्यांनाच कळतं. पण छपरावरून पुढे जाताना तोच वारा छपराला वर ओढतो, हे लक्षात येत नाही. वळचणीला, आढ्यापाशी आणि पाख्यांच्या कडांना ही ओढ मधल्या भागाच्या दीडपट-दुप्पट असते. म्हणून उडालेल्या छपराची सुरुवात बहुतेक वेळा एखाद्या कोपऱ्यातून झालेली असते.

आता तुमच्या घराचा हिशेब. मंगलोरी कौलांचं वजन चौरस मीटरला पस्तीस-चाळीस किलो भरतं. ताशी १०० च्या वाऱ्यात मधली कौलं निव्वळ वजनावर जेमतेम टिकतात, कडेची उठतात. पत्र्याचं वजन चौरस मीटरला पाचेक किलो. दहा फुटी पत्रा तीन चौरस मीटर झाकतो, वजन सगळं मिळून पंधरा किलो आणि वर ओढणारा जोर शंभर-सव्वाशे किलो, कडेच्या पत्र्याला दोनशेच्या वर. एक चिरा पंचवीस-तीस किलोचा. म्हणजे चार चिऱ्यांनी अख्खं छप्पर सोडाच, कडेचा एक पत्राही धरला जाणार नाही. पुरतील एवढे चिरे चढवले तर वासे आधी वाकतील. शिवाय पत्रा फडफडायला लागला की चिरा घसरतो आणि खाली कोण आहे ते बघत नाही. चिरे उतरवून घ्या.

छप्पर धरून ठेवतं ते बांधकाम. सुतार आला की त्याला घेऊन पडवीत उभ्या राहा आणि वर बघून तीन प्रश्न विचारा. पत्रा रिपेला कशानं धरलाय? रीप वाशाला कशानं? वासा भिंतीला कशानं? निसर्गनंतर घाईघाईत घातलेल्या पत्र्यांमध्ये पहिल्या प्रश्नाचं उत्तर बरं असतं, दुसऱ्याचं «खिळे» आणि तिसऱ्याचं «नुसता टेकलाय». अशा घरात पुढच्या वेळी पत्रा एकटा उडत नाही, रिपा नि वासे घेऊन उडतो.

पहिला सांधा पत्र्याचा. खिळे असतील तर काढून टाका. प्रत्येक झोताला खिळा केसभर वर येतो, तास-दोन तासांत सुटतो. त्याजागी ८ मिलिमीटरचे हुक बोल्ट घ्या, रिपेला खालून मिठी मारणारे. भोक पन्हळीच्या उंचवट्यावर पाडायचं, खोलगट भागात नाही, तिथून पावसाळाभर गळेल. बोल्टाखाली रबरी किंवा डांबरी वायसर आणि त्यावर मोठा वाकवलेला लोखंडी वायसर हवाच, नाहीतर बोल्ट जागेवर राहतो आणि पत्रा त्यातून फाटून निघतो. नट रबर किंचित दबेपर्यंत आवळायचा. जास्त आवळला की उंचवटा चेपतो आणि तिथेच पाणी साठतं. मधल्या भागात बोल्ट फूट-सव्वा फुटावर चालतील. वळचण, आढं आणि दोन्ही कडा यांच्या तीन फुटांच्या पट्ट्यात मात्र नऊ इंचांवर. रिपांऐवजी लोखंडी पाइप असतील आणि पत्रे सेल्फ ड्रिलिंग स्क्रूनं बसवले असतील, तर कडेच्या पट्ट्यात तिथेही हुक बोल्ट घाला. पातळ पाइपात स्क्रूचे एक-दोनच आटे धरतात. जुने वायसर ऊन खाऊन तडकलेले असतील, तेही याच फेरीत बदला.

रीप आणि वासा यांच्या सांध्याला २५ मिलिमीटर रुंदीची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाची) पट्टी रिपेवरून वळवून वाशाला दोन्ही बाजूंनी स्क्रूनं मारायची. हे काम सोपं आहे, फक्त एकही सांधा सोडायचा नाही.

खरं काम तिसऱ्या सांध्याचं आहे आणि सुतार टाळाटाळ करेल तीही इथेच, कारण भिंतीला भोक पाडावं लागतं. वासा जिथे भिंतीवर टेकतो त्याच्या खाली चिऱ्याचे तीन थर मोजा, साधारण दोन फूट. तिथल्या सांध्यातून भिंतीच्या आरपार भोक पाडा. आठ गेजची जीआय तार दुहेरी करून वाशावरून घ्या आणि दोन्ही टोकं भोकातून फिरवून आणा. भिंतीच्या आतल्या नि बाहेरच्या बाजूला तारेखाली वीतभर सळईचा तुकडा आडवा घाला, म्हणजे तार चिऱ्यात रुतणार नाही. मग तारेत दुसरी सळई अडकवून पीळ देत ताणा. बोटानं छेडल्यावर तार टणटणीत लागली पाहिजे. शेवटी भोक सिमेंटनं भरा. वासे चार फुटांवर असतील तर एका वाशाच्या वाट्याला येणारे तीन थर चिरे वजनानं तीनशे किलोच्या वर जातात. वारा आता ते वजन उचलू बघतो, नुसता वासा नाही. वरचे चिरे हातानं हलत असतील तर ही युक्ती फुकट, आधी ते चुन्यात नाहीतर सिमेंटात पक्के बसवून घ्या.

पडवी ही सगळ्यात नाजूक जागा. तीन बाजूंनी उघडी असल्यानं वारा खालून ढकलतो आणि वरून ओढतोही. बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघराचाच पत्रा लांबवून पडवी झाकलेली असते. तसं असेल तर भिंतीच्या रेषेवर पत्रा तोडून पडवीचं पाखं वेगळं करा आणि वरच्या पत्र्याखाली सरकवा. मग पडवी गेली तरी स्वयंपाकघर तिच्यामागे जात नाही. वळचण भिंतीबाहेर दीड फुटापेक्षा जास्त नसावी असं वाऱ्याचं शास्त्र सांगतं, कोकणचा पाऊस मात्र तीन फूट मागतो. आमचं मत विचाराल तर घराची वळचण आखूड ठेवावी आणि पावसासाठी वेगळी, जाऊ दिली तरी चालेल अशी हलकी झड, म्हणजे तात्पुरता आडोसा, लावावी.

कौलांच्या बाजूला वळचणीच्या दोन ओळी, दोन्ही कडांची एकेक ओळ आणि आढ्यावरचे कोने एकास सहा सिमेंट-वाळूत बसवा. बऱ्याच मंगलोरी कौलांना मागच्या बाजूला एक बारीक भोक असतं. ते तार ओवून रिपेला बांधायलाच दिलेलं आहे, पण आपल्याकडे ते कोणी वापरत नाही. कडेच्या कौलांना तरी वापरा. पन्नास जादा कौलं आणि अठरा बाय चोवीस फुटांची एक जाड ताडपत्री घरात आणून ठेवा. निसर्गनंतर पत्र्यासाठी लोकांची किती वणवण झाली, हे मामंजींना वेगळं सांगायला नको.

आता खिडक्या. समोरासमोर उघड्या ठेवण्याचा सल्ला कोकणात घरोघरी ऐकू येतो, आणि तो चुकीचा आहे. वाऱ्याकडची मोठी खिडकी उघडी राहिली की घर आतून फुगतं आणि छपराला खालूनही धक्का बसतो. वर ओढणारा जोर त्यानं साधारण दीडपट होतो. समोरची खिडकी उघडी ठेवली म्हणून तो जोर नाहीसा होत नाही, कारण वारा येईल कुठून हे आधी ठरवता येत नाही. घरात दाब कोंडून घर फुटेल ही भीतीही नको, कौलांच्या फटींतून हवा ये-जा करतच असते. सगळं बंद ठेवायचं, आतली दारंसुद्धा. एखादी खिडकी फुटलीच तर त्या खोलीचं दार बंद करून ती खोली सोडून द्यायची.

जुन्या लाकडी दारांची काळजी करू नका. अडसर लागतो की नाही तेवढं बघा आणि अडसराची भोकं उंदरांनी पोखरलेली असतील तर भरून घ्या. काळजी आहे ती नव्या सरकत्या तावदानांची. तावदान बसवता यावं म्हणून वरच्या खोबणीत अर्धा-पाऊण इंच मोकळी जागा ठेवलेली असते. वारा दाबायला लागला की तावदान मधोमध वाकतं, उचललं जातं आणि खालच्या रुळावरून उतरून अख्खंच्या अख्खं ओटीवर येतं. वरच्या खोबणीत प्रत्येक तावदानाच्या वर दोन-दोन स्क्रू असे मारा की सरकायला जागा राहील, उचलायला राहणार नाही. बंद केल्यावर खालच्या रुळात मापाची लाकडी पट्टी बसवायची. काचेवर चिकटपट्टीची फुली मारून काच मजबूत होत नाही, फुटल्यावर तुकडे मोठे पडतात इतकंच.

ओटीच्या खिडक्यांना बाहेरून निदान १२ मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडची झाकणं करून घ्या, चारही बाजूंनी खिडकीपेक्षा चार इंच मोठी. चिऱ्यात प्लास्टिकचे गट्टू धरत नाहीत, म्हणून १० मिलिमीटरचे बोल्ट भिंतीत सिमेंटनं पक्के करून ठेवा आणि झाकणाला तशीच भोकं. चार फूट बाय चार फुटांचं झाकण अकरा-बारा किलोचं होतं. ते उभ्या दोन भागांत करा, म्हणजे शेजारच्या एका मुलाच्या मदतीनं लागेल. प्रत्येकावर खडूनं नाही, रंगानं लिहा: «ओटी डावी वर». आणि एकदा तुमच्यासमोर लावून बघा. नट कुठे ठेवलेत हे वादळाच्या संध्याकाळी शोधायची वेळ येऊ नये.

समुद्राच्याच बाजूच्या खिडक्या झाकून भागेल असं समजू नका. चक्रीवादळ आपल्याकडे घड्याळाच्या उलट्या दिशेनं फिरतं. केंद्र तुमच्या उत्तरेकडून जमिनीवर आलं तर वारा आधी आग्नेयेकडून आणि दक्षिणेकडून येतो, मग नैर्ऋत्येला वळतो. केंद्र दक्षिणेकडून गेलं तर सुरुवात पूर्वेकडून, शेवट उत्तरेकडून. म्हणजे डोंगराकडची बाजूही तितकीच पक्की हवी. आणि केंद्र थेट डोक्यावरून गेलं तर मध्येच सगळं शांत होतं, ऊनही पडू शकतं. त्या वेळात माणसं पत्रे गोळा करायला बाहेर पडतात आणि उलट दिशेचा वारा त्यांना अंगणात गाठतो. रेडिओवर स्पष्ट सांगेपर्यंत दार उघडायचं नाही.

माडाचं म्हणाल तर वाकडेपणावर जाऊ नका. लहानपणापासून वाकलेला आणि पुढे सरळ वर गेलेला माड वाऱ्यात चांगला टिकतो. बघायचं ते बुंध्यापाशी. एका बाजूची माती उचललीय का, नवी भेग आहे का? खोडाला भोकं आणि त्यातून तपकिरी चिकट रस येतोय का? हा सोंड्या भुंगा, आतून खोड भुसा झालेलं असतं. यातलं काहीही दिसलं तर माड तोडा. खोड पडवीच्या वळचणीपासून तीन-चार फुटांच्या आत असेल तर निरोगी असला तरी तोडा, कारण तो पडायची गरजच नाही, डोलताना वळचण ठोकून काढेल. तेवढं अंतर असेल तर ठेवा, पण मे महिन्यात पाडेलीला (माडावर चढून नारळ पाडणाऱ्याला) बोलवून सुक्या झावळ्या, नारळाच्या जून पेंडी आणि सुटलेल्या पोयी (फुलोऱ्यावरची आवरणं) उतरवा. हिरव्या झावळ्या सोलून माडाचा झाडू करू नका. आंबा-फणसाच्या घरावर आलेल्या फांद्या बुंध्याशी स्वच्छ कापा. शेंडा छाटून मुंडण केलं की त्या जागी फुटणारे धुमारे वरवर चिकटलेले असतात आणि दोन वर्षांनी तेच कौलांवर पडतात. शेवगा छपरापासून लांबच बरा.

न्हाणीघराच्या स्लॅबवर हजार लिटरची प्लास्टिकची टाकी असेलच. रिकामी टाकी वीस-तीस किलोची, वादळात वाडीभर हिंडते. भरलेली टाकी एक टनाची, हलत नाही. वादळाची चाहूल लागली की टाकी काठोकाठ भरायची आणि पंप बंद. निसर्गनंतर अनेक गावांत कित्येक आठवडे वीज नव्हती. पंप आल्यापासून पोहरा आणि दोर माळ्यावर गेलेत. ते खाली काढा, दोर ताणून बघा, विहिरीचा रहाट फिरतोय का बघा. या एका कामाला पाच मिनिटं लागतात.

नमुना ८ चा उतारा, घरपट्टीची पावती, सातबारा, आधार, बँकेचं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी स्टीलच्या डब्यात. घराचे आतून-बाहेरून, छपराचे चारही बाजूंनी फोटो आत्ताच काढून तुमच्या मोबाइलमध्ये ठेवा. पुढे तलाठी-ग्रामसेवक पंचनाम्याला आले की आधीचं घर कसं होतं हे दाखवायला दुसरं काही नसतं. घराचा विमा काढायचा असेल तर ‘भारत गृह रक्षा’ या ठरीव पॉलिसीत चक्रीवादळ धरलेलं असतं.

आता सासू-सासऱ्यांसाठी. हवामान खात्याचा पिवळा इशारा साधारण ४८ तास आधी येतो, नारिंगी २४ तास आणि लाल १२ तास आधी. बातमीत दोन आकडे असतात, त्यातला झोताचा ध्यानात ठेवायचा, छप्पर झोतानं जातं. पिवळ्याला पाडेलीकडून उरलेल्या पेंडी उतरवणं, टाकी भरणं, मोबाइल-टॉर्च चार्ज, पंधरा दिवसांची औषधं. नारिंगीला खिडक्यांची झाकणं आणि अंगणातलं सगळं आत: खुर्च्या, कुंड्या, रोवलीपासून शिडीपर्यंत. लालच्या आधी जागा बदलायची. वाऱ्याचा वेग साठीला पोचला की सत्तरीच्या माणसानं रस्त्यावर निघायचं नसतं. कौलाखाली राहण्यापेक्षा गावातली स्लॅबची शाळा किंवा शेजारचं स्लॅबचं घर बरं. तसं काहीच जमलं नाही तर तुमच्या घरात सगळ्यात सुरक्षित जागा ते न्हाणीघर, लहान, चिऱ्याचं आणि वर स्लॅब. दोन खुर्च्या, पाणी, औषधं, रेडिओ, अंगावर घ्यायला गादी तिथे आधीच नेऊन ठेवा. न्हाणीघरात बसायला मामंजी हसतील, हसू द्या. गॅसचा रेग्युलेटर बंद, मेन स्विच बंद, आणि इन्व्हर्टर असेल तर त्याचा स्विच वेगळा असतो तो विसरायचा नाही.

गोठ्यात जनावर असेल आणि गोठा पत्र्याचा असेल तर दावं सोडून झाडं-तारांपासून लांब मोकळ्या जागेत सोडा. बांधलेलं जनावर पडत्या वाशाखाली सापडतं.

ही सगळी सवड चक्रीवादळ देतं. वळवाचं वादळ देत नाही. १३ मे २०२४ ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर जाहिरातीचा फलक कोसळून १७ माणसं गेली, ती अशाच धुळीच्या वादळात. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर काळं आभाळ आणि एकदम गार झोत आला की झाडाखालून, पत्र्याच्या शेडखालून, फलकाखालून बाजूला व्हायला दहा-पंधरा मिनिटंच मिळतात. ठाण्यात तुम्हालाही हे लागू आहे.

वारा गेल्यावर मामंजींना एकच गोष्ट बजावून ठेवा: छपरावर चढायचं नाही. ओल्या कौलांवरून नि सिमेंटच्या पत्र्यावरून घसरून, पत्रा मोडून आत पडून माणसं वादळानंतर जखमी होतात. ताडपत्री शिडीवरून टाकता येईल तेवढीच, तिच्या कडेला लाकडी पट्ट्या मारून, कारण नुसत्या दोरीनं बांधलेली ताडपत्री दुसऱ्या दिवशी शेजारच्या माडावर असते. पडलेल्या तारेपासून दहा मीटर लांब, वीज नसली तरी, कारण कोणाचा तरी जनरेटर उलटी वीज पाठवत असतो. काहीही उचलण्याआधी फोटो.

फोनचं आधीच ठरवून ठेवा. टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांतच संपतात, त्यामुळे सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा या दोनच वेळा, कॉल नाही, एसएमएस. सलग दोन वेळा काही आलं नाही तर रत्नागिरीच्या जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७ वर फोन करायचा. तुमच्या मोबाइलवरून तो ठाण्याच्या कक्षाला लागेल, म्हणून रत्नागिरीचा दूरध्वनी क्रमांक एसटीडी कोडसकट एप्रिलातच ग्रामपंचायतीतून लिहून आणा, आणि शेजारच्या स्लॅबच्या घरातल्या कोणाचा तरी नंबरही त्याखाली लिहा.